आधी उत्तरपत्रिका, मग उपदेश

मंडळी, पुन्हा निकालांचे दिवस आले. आमच्या वेळी ते वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर यायचे. वर्तमानपत्रात बारीक टाइपात नंबर छापून यायचे. नंबर दिसला तर पास, नाही दिसला तर घरातले दोघे-तिघे पुन्हा चष्मा पुसून बघायचे. आता सेमिस्टर पद्धतीमुळे हे दिवस वर्षातून दोनदा येतात आणि निकाल मोबाइलवर येतो. पण मनासारखा निकाल लागला नाही की घरात जे नाटक सुरू होते, ते मी गेली पन्नास वर्षे पाहते आहे. नेपथ्य तेवढे बदलले, संवाद तेच आहेत.

या नाटकात दोन पक्ष असतात. पहिला रागावणाऱ्यांचा. "तरी मी सांगत होतो, सायन्स घेऊ नकोस", "मोबाइलमुळे झालं हे सगळं", "शेजारच्यांच्या पोरीला बघ". दुसरा पक्ष समजूत घालणाऱ्यांचा, आणि तो स्वतःला फार सुसंस्कृत समजतो. "काही होत नाही रे, सचिन तरी कुठे कॉलेजात गेला?" "अपयश ही यशाची पहिली पायरी." "जे होतं ते चांगल्यासाठीच." पहिल्या पक्षाला लोक खडूस म्हणतात, दुसऱ्याला प्रेमळ. माझ्या मते दोघांत फारसा फरक नाही. दोघांनीही पोराची गुणपत्रिका नीट वाचलेली नसते, आणि उत्तरपत्रिका तर दोघांनी पाहिलेलीच नसते. रोग्याला न तपासता एकाने कडू औषध द्यायचे आणि दुसऱ्याने साखरेची गोळी, एवढाच फरक.

आमच्या नात्यातली मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जरा स्पष्ट लिहिते. माझे म्हणणे असे आहे, की विद्यापीठाच्या परीक्षेत मार खाल्लेल्या मुलाला पहिल्या पंधरा दिवसांत उपदेशही नको आणि सुविचारही नकोत. त्याला त्याच्या उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत हवी, आणि ती त्याच्या शेजारी बसून वाचणारा एक माणूस हवा. पुढे काय करायचे हे त्यानंतर ठरवावे, आणि ते मुलाने ठरवावे.

आता हे जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट गुणपत्रिकेची. "नापास" हा एक शब्द झाला, पण गुणपत्रिकेत त्याचे निदान चार प्रकार असतात. कुणी लेखी परीक्षेत कमी पडलेला असतो. कुणी लेखीत ठीक असतो, पण अंतर्गत गुणांच्या रकान्यात "गैरहजर" पडलेले असते, कारण प्रकल्प दिला तो नोंदलाच गेला नाही. कुणाचा निकाल राखून ठेवलेला असतो, कारण आधीच्या सेमिस्टरचे गुण चढलेले नाहीत. आणि कुणी पासच झालेला असतो, पण अपेक्षा साठ टक्क्यांची आणि मिळाले सत्तेचाळीस. या चौघांचे दुःख वेगळे आणि उपायही वेगळे. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने तर रडत बसण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी उभे राहायला हवे. पण घरात एकदा "गेला रे विषय" अशी आरोळी उठली की रकाना कोण बघतो?

एटीकेटी या शब्दाचेही तसेच. त्याचा मूळ अर्थ "अलाउड टू कीप टर्म्स", म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी. ही सवलत आहे. वर्षभर मुलाला घरी बसवून त्याचे नुकसान होऊ नये, म्हणून कुणीतरी शहाण्या माणसांनी ती काढली. आपण तिचा उच्चार असा करतो, की जणू पोराच्या कपाळावर डाग दिला.

दुसरी गोष्ट उत्तरपत्रिकेची. मी शाळेत शिकवले आणि पुष्कळ वर्षे बोर्डाचे पेपर तपासले. गठ्ठे घरी यायचे, आणि ते घरात असेपर्यंत पाहुण्यांना त्या खोलीत बंदी असायची. आम्ही आत गुण द्यायचे, पहिल्या पानावर चढवायचे, बेरीज करायची. मग मॉडरेटर काही उत्तरपत्रिका पुन्हा बघायचे. एवढी चाळण असूनही बेरजा चुकल्याची प्रकरणे निघतच. ज्याने कधी पेपर तपासले आहेत त्याला ठाऊक असते, की सकाळी हातात घेतलेला पेपर आणि रात्री अकराला हातात घेतलेला पेपर यांना एकच डोळा लाभत नाही. शिक्षक वाईट असतो म्हणून असे होत नाही. माणूस थकतो म्हणून होते. त्यामुळे गुण हा आकडा ज्यांना देववाणी वाटतो, त्यांनी एकदा तरी तपासणीच्या खोलीत डोकावून यावे.

विद्यापीठांची गोष्ट तर आणखी पुढची. मुंबई विद्यापीठाचे २०१७ साल आठवते का? संगणकाच्या पडद्यावर तपासणी करायची असे ऐनवेळी ठरले. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी त्या पडद्यावर तपासायच्या. काय झाले ते सगळ्यांनी वाचले आहे. निकाल उन्हाळ्यातून पावसाळ्यात आणि पावसाळ्यातून गणपतीच्या पुढे गेले. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काहींचा पत्ता लागेना. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून चालल्या आणि पोरांच्या हातात गुणपत्रिका नाही. अखेर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. आणि गंमत बघा, त्याच वर्षी मार्चपासून नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा अमलात आला होता. परीक्षा संपल्यावर शक्यतो तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मुलाने अर्ज एक दिवस उशिरा आणला तर त्याला दंड किंवा विलंब शुल्क. कायद्याने घातलेली मुदत विद्यापीठाने ओलांडली तर कारण "तांत्रिक". हे "तांत्रिक कारण" एकदा पोरांनाही वापरू द्या म्हणावे!

म्हणून म्हणते, आधी कागद बघा. आणि हा कागद बघण्याचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. एके काळी आपल्याच महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी बोर्डाविरुद्ध दावा लावला होता, की आम्हाला आमच्या उत्तरपत्रिका बघू द्या आणि फेरतपासणी करा. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बोर्डाचा नियम उचलून धरला. उत्तरपत्रिका मुलाने लिहिलेली, पण एकदा दिली की ती त्याला परत दिसायची नाही! पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. आदित्य बंदोपाध्याय नावाच्या मुलाने २००८ साली सीबीएसईची दहावीची परीक्षा दिली होती. गुण अपेक्षेपेक्षा कमी आले म्हणून त्याने उत्तरपत्रिका मागितल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने सांगितले, की तपासलेली उत्तरपत्रिका ही "माहिती" आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. १९८४ ते २०११, सत्तावीस वर्षे! एवढ्या खटाटोपाने मिळालेला हक्क आपण वापरत नाही, आणि त्याऐवजी मावशीच्या दिरांना फोन करतो, की आता पोराला कशाला घालू?

कामाचे तेवढे सांगते. गुणपडताळणी, छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पडताळणीत फक्त बेरीज आणि सुटलेले प्रश्न बघतात. प्रत म्हणजे आपला पेपर आपल्या हातात. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासणी. प्रत्येक विद्यापीठाची फी आणि मुदत वेगवेगळी. ती मुदत फार तोकडी असते आणि निकालाच्या दिवसापासूनच सरकू लागते. घरात सुतक पाळण्यात आठवडा गेला तर अर्धी मुदत संपली म्हणून समजा. माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. आपल्या राज्यात त्याची फी दहा रुपये आणि उत्तर द्यायला तीस दिवस. पण त्या तीस दिवसांत पुनर्मूल्यांकनाची तारीख निघून जाईल, म्हणून आधी विद्यापीठाच्या पद्धतीने अर्ज करावा. आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म मात्र या सगळ्याची वाट न पाहता भरून टाकावा. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुष्कळदा फॉर्मची तारीख उलटल्यावर येतो. "तो निकाल आल्यावर बघू" म्हणणाऱ्यांचे सहा महिने असेच गेलेले मी पाहिले आहेत.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही मास्तरीण असून विद्यापीठाच्या चुका काय दाखवता? पोरे अभ्यासच करत नाहीत हे नाही का दिसत? दिसते की! पुष्कळदा तसेच असते. पण तेही उत्तरपत्रिकाच सांगते, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त नेमके सांगते.

आमच्या नात्यातली एक मुलगी बी.कॉम.ला आहे. (नाव लिहीत नाही, तिच्या आईला आवडायचे नाही. विद्यापीठाचेही लिहीत नाही.) मागे एका सेमिस्टरला तिचे दोन विषय राहिले. घरात ठरूनही गेले, की हिला आकडेमोड जमत नाही, पुढच्या वर्षापासून आर्ट्स. तिने हट्टाने दोन्ही पेपरांच्या प्रती मागवल्या आणि माझ्याकडे घेऊन आली. मला कॉमर्सचे ओ की ठो कळत नाही, पण पेपर वाचता येतो. अर्थशास्त्राच्या पेपरात एका पानावरच्या उत्तराला परीक्षकाची खूणच नव्हती, गुण नाहीत आणि शून्यही नाही. तिने पुनर्मूल्यांकनाला टाकले, गुण वाढले आणि तो विषय सुटला. अकाउंट्सच्या पेपरात मात्र काडीची चूक नव्हती. दिलेले गुण अगदी रास्त होते. पण तो पेपर वाचताना एक दिसले. पहिल्याच प्रश्नातला ताळेबंद जुळेना म्हणून तिने तीनदा खोडून तीनदा मांडला होता, सगळी पाने त्यातच गेली होती आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे होते. मी विचारले, "हे येत नव्हते का?" म्हणाली, "आजी, हे तर मला सगळ्यात चांगलं येत होतं. वेळच उरला नाही."

बघा म्हणजे. मुलीला आकडेमोड जमत होती. न जुळलेला ताळेबंद तसाच टाकून पुढे जाणे जमत नव्हते. त्यावर उपाय आर्ट्स नव्हे, आणि महागडा क्लासही नव्हे. स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवून जुने पेपर सोडवणे, एवढाच उपाय. तिने तो केला. दुसऱ्या खेपेला विषय सुटला, फार झळाळते गुण नाहीत, पण सुटला. ती कॉमर्सलाच आहे. कागद न बघता घरच्यांनी तिचा रस्ता बदलून टाकला असता आणि "आम्ही तिच्या भल्यासाठीच केलं" असे जन्मभर सांगितले असते.

समजूत घालणाऱ्यांचा आवडता आणखी एक दाखला म्हणजे रामानुजन. "एवढा मोठा गणिती, तोही नापास झाला होता!" खरे आहे. गणित सोडून बाकीच्या विषयांत तो एफ.ए.च्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला आणि त्याची शिष्यवृत्तीही गेली. पण हा दाखला देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. नापास झाल्यावर तो आपोआप मोठा झाला नाही. १९१० च्या सुमारास तो आपल्या वह्या घेऊन रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरांकडे गेला. त्यांनी त्या वह्या उघडून वाचल्या आणि पुढे ओळखी दिल्या. मग नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी वह्या पाहिल्या आणि पदरमोड करून त्याला काही काळ मदत केली. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांची कारकुनी मिळाली आणि पोटाची सोय झाली. हार्डींना पत्र गेले ते त्यानंतर. "काही होत नाही, तू रामानुजन होशील" असे त्याला कुणी म्हटले नव्हते. त्याची वही कुणीतरी वाचली होती. आपल्या घरातले पोर काही रामानुजन नसते. पण वही वाचून घेण्याचा त्याचाही हक्क तेवढाच आहे.

आता प्रश्न पुढे काय करायचे हा. इथे तर जाहिरातवाल्यांची झुंबड असते. निकालाच्या आठवड्यात वर्तमानपत्र उघडले की "अपयशाने खचू नका, आमच्याकडे या". नापास झालेल्या पोराचा बाप हे सगळ्यात सोपे गिऱ्हाईक. कुणी ॲनिमेशनचा कोर्स विकतो, कुणी खाजगी विद्यापीठातली जागा, कुणी "एमपीएससी करून टाक" म्हणतो. अहो, राज्यसेवेला बसायला पदवी लागते, आणि मुलगा पदवीच्याच परीक्षेत अडखळला आहे! आधी तो खड्डा बुजवाल की नाही?

वाटा आहेत, आणि आमच्या काळापेक्षा जास्त आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशा पायऱ्या आहेत. मधेच थांबायचे तर काही अटी पुऱ्या कराव्या लागतात, त्या कॉलेजात विचाराव्यात. मिळवलेले क्रेडिट २०२१ पासून सुरू झालेल्या क्रेडिट बँकेत साठवता येतात आणि साधारण सात वर्षे टिकतात, म्हणजे थांबून पुन्हा यायला जागा आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी सांभाळून तिथून पदवी घेतलेली कितीतरी माणसे माझ्या ओळखीची आहेत. आयटीआय आहे, घरचे दुकान आहे. यातली कुठलीच वाट कमीपणाची नाही. पण यातली कुठलीही वाट घाबरून पळत धरायची नाही. ज्याला विषय आवडतो आणि वेळ पुरला नाही, त्याने तोच विषय पुन्हा द्यावा. ज्याच्या उत्तरपत्रिकेत पानोपानी दिसते की हा विषय त्याने कधी मनावरच घेतला नाही, त्याला विचारावे, की बाबा, हे तुला नको होते का? उत्तर "हो" आले तर शाखा बदलण्यात लाज कसली? मात्र ते उत्तर त्याच्या तोंडून यावे. काका, आत्या आणि कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुप यांनी बहुमताने ठरवू नये.

एक शेवटचा आक्षेप येतो आणि तो खरोखर गंभीर आहे. मुलाचे मन खचलेले असताना त्याच्यापुढे लाल शाईचा कागद काय ठेवता? मंडळी, या गोष्टीची मलाही भीती वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. प्रत्येकाचे कारण परीक्षा नव्हते, पण काहींचे होते. म्हणून जे मूल जेवत नाही, झोपत नाही, "माझा काही उपयोग नाही" असे बोलते, त्याच्याशी आधी नुसते बसा. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. त्या मुलापुढे कागद नंतर. तोवर अर्जाच्या मुदतीची काळजी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी वाहावी, एवढे तर करता येईल?

पण बाकीच्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे. मुलाला खाते ते "आपण ढ आहोत" हे मोघम वाक्य. त्याला कडा नसतात, त्यामुळे ते सगळे घर व्यापते. उत्तरपत्रिका हातात आली की त्याला कडा येतात. तिसरा प्रश्न सोडला, पाचव्यात व्याख्या चुकली, सातवा वेळेअभावी राहिला. एवढेच का, असे मूल स्वतःशी म्हणते, आणि "एवढेच" म्हटल्यावर त्यावर काही करता येते.

तेव्हा नातेवाईक मंडळींना आणि ब्लॉगमित्रांना एक विनंती. या आठवड्यात कुणाच्या घरी फोन कराल, तर "किती पडले?" विचारू नका आणि सचिन, रामानुजन यांनाही विश्रांती द्या. विचारायचेच असेल तर एवढे विचारा, की छायांकित प्रतीच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती, आणि फी भरली का? भरली नसेल आणि घरात ओढाताण असेल, तर ती तुम्ही भरा. लग्नाच्या पाकिटात आपण याहून जास्त घालतो. आणि प्रत आली की मला कळवा. विषय कुठलाही असो, चष्मा पुसून बसते मी वाचायला.